नेमाचा डोळा

"दोन्ही हात पुढं. ताठ. आता तळवे जुळवून मधे एवढीशी खिडकी ठेव," मी म्हटलं. "डोळे दोन्ही उघडे. खिडकीतून माझं नाक बघ. नाक सोडायचं नाही, आणि हात हळूहळू तोंडाजवळ आण."

कस्तुरी मगदूमनं हात जवळ आणले. खिडकी तिच्या डाव्या डोळ्यावर येऊन थांबली.

"नेमाचा डोळा डावा," मी म्हटलं आणि वही उघडली. वहीत तिच्या नावापुढं मागच्या मे महिन्यातली नोंद होती. उजवा.

"उस्ताद, मागच्या वर्षी तुम्ही उजवा म्हणाला होता," ती म्हणाली.

"मी?"

"व्हय की. वहीत बघा."

"वही माझ्याच हातात आहे. परत कर."

परत केलं, डावा. तिसऱ्यांदा केलं, तरी डावाच. मागं रांगेत उभी असलेली वीस पोरं कंटाळून एकमेकांना ढोसायला लागली होती. मी खिशातलं पेन काढलं, 'उजवा' खोडलं आणि वर 'डावा' लिहिलं.

"मग मागच्या वर्षी मीच चुकलो," मी म्हटलं. "नेमाचा डोळा माणसाचा बदलत नसतो. जन्मात नाही."

"मग आता उजव्याचं काय?"

"उजव्याला सुट्टी. पुढाऱ्याच्या मागं चार माणसं नुसती फिरत असतात नव्हं, तसा तो. त्याच्याकडं लक्ष द्यायचं नाही."

पोरं हसली. तीही हसली. माझा विनोद पोरांना आवडला की मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन गडहिंग्लजकडं आमच्या गावी आलो होतो. पलटणीत शेवटची नऊ वर्षं मी रंगरुटांना बंदूक शिकवली, म्हणून पोरं मला उस्ताद म्हणायची. गावातली मोठी माणसं मेजर म्हणायची. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजरच असतो, मग तो तिकडं स्वयंपाकी का असेना.

गुळाचं एक जुनं गोदाम होतं, ते मला वापरायला मिळालं. तिथं मी पोरांसाठी छर्‍याच्या बंदुकीची रेंज काढली आणि दर मे महिन्यात शिबिर घ्यायला लागलो. दहा मीटर लांब, सहा टेबलं, टेबलावर वाळूच्या पिशव्या, समोर कागदी टार्गेटं. टार्गेटांच्या मागं चिंध्या ठासून भरलेली पोती, दोन थर. पत्रा, दगड, खिळा, काही म्हणून समोर उघडं ठेवायचं नाही. कारण माझ्या मेव्हण्याच्या पोराचा डोळा एका यात्रेत फुगे फोडताना गेला होता. फुग्यांच्या फळीमागं पत्रा होता, आणि पत्र्यावरून छर्रा उलटा आला. नऊ वर्षांचं पोर. त्याच्या आईनं फोडलेला हंबरडा मी ऐकलाय. पोरं यात्रेत बंदूक हातात धरणारच, तर निदान नीट धरायला शिकू देत, असं मी ठरवलं. आणि आपल्या रेंजवर कुणाच्याही डोळ्याला ओरखडा जाणार नाही, हेही ठरवलं.

तेवढ्यापुरता मी फार कडक होतो. चष्मा घातल्याशिवाय गोदामाचा उंबरा ओलांडायचा नाही. बंदुकीचं तोंड कायम पोत्यांकडं. मी "थांब" म्हटलं की जिथं असेल तिथं सगळं थांबायचं. बंदूक उघडून टेबलावर ठेवायची, दोन पावलं मागं, हात पाठीमागं, आणि एकेकानं ओरडून सांगायचं, "एक रिकामी, दोन रिकामी." सहाही बंदुका मी स्वतः बघितल्याशिवाय चुन्याची रेघ कुणी ओलांडायची नाही. सरपंचांच्या नातवानं एकदा ओलांडली. त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवला. सरपंच चार माणसं घेऊन आले, त्यांनाही उंबऱ्याबाहेर उभं केलं, कारण चष्मा घातला नव्हता. अकरा वर्षांत माझ्या रेंजवर रक्ताचा थेंब सांडला नाही. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. आता सांगत नाही.

तर कस्तुरी. पाचवीतून सहावीत गेलेली, किडकिडीत, बोलायला फटकळ. बाप दुधाचा टँकर घेऊन मुंबईला जायचा, महिन्यातून चार दिवस घरी. आई सुरेखा, गावातल्या दूध संस्थेत दुधाची फॅट मोजायला बसायची. पोरगी उजव्या हातानं जेवायची, उजव्या हातानं लिहायची. पण नेमाचा डोळा डावा, तर बंदूक डाव्या खांद्यालाच लागली पाहिजे. तो नियम आहे. मी तिला पहिल्यापासून नव्यानं शिकवायला घेतलं.

चार दिवसांनी सुरेखा संस्थेतून घरी जाताना गोदामाशी थांबली. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "मेजर, पोरगी म्हणती डाव्या हातानं बंदूक धरायला लावलाय. मागल्या वर्षी तर उजव्यानं बरी मारत होती की."

"बरी मारत होती वहिनी, चांगली नाही. डोळा डावा आणि बंदूक उजवी, म्हणजे बैल एकीकडं आणि गाडी एकीकडं. मागच्या वर्षी माझी तपासायला चूक झाली."

"असं असतंय व्हय डोळ्याचं?"

"असतंय. प्रत्येकाचा एक डोळा खरा असतो, दुसरा नुसता जोडीला."

"तुम्ही म्हणता तर असंल," ती म्हणाली. "आम्हाला काय त्यातलं कळतंय."

शिबिर संपलं, पण कस्तुरीला मी सोडलं नाही. दर रविवारी सकाळी ती यायची. आणि काय सांगू, पोरगी अशी तयार झाली की मलाच नवल वाटलं. दिवाळीपर्यंत तिचे दहातले सात छर्रे काळ्या गोळ्यात बसायला लागले. सातवी-आठवीतल्या पोरांना ती मागं टाकायची. मी सगळ्यांना तिची टार्गेटं दाखवत फिरायचो. म्हणायचो, बघा, नेमाचा डोळा ओळखला की असं होतं. डिसेंबरात जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या, दहा ते बारा वयोगटात मी तिचं नाव दिलं. गावातून मुलगी जिल्ह्याला नेमबाजीत जाणार, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. तिनं दप्तरावर स्पर्धेची तारीख पेनानं गिरवून ठेवली होती.

या सहा-सात महिन्यांत मी काय काय बघितलं ते आता सांगतो. ती टेबलाजवळ येताना मान थोडी उजवीकडं वळवून चालायची. मी ओरडायचो, "मान सरळ, पाटलीणबाई." दोनदा गोदामाच्या दाराची चौकट तिच्या उजव्या खांद्याला लागली. मी म्हटलं, एवढं मोठं दार दिसत नाही का. एकदा मी छर्‍यांची डबी तिच्या उजव्या बाजूनं पुढं केली तर तिनं हात भलतीकडंच नेला, डबी पडली, आणि शंभर छर्रे गोदामभर झाले. ते तिच्याकडूनच वेचून घेतले. गुडघे टेकून पाऊण तास वेचत होती. तिची नजर नेमाकडं लागलीय, म्हणून बाकीच्यात लक्ष नाही, असं मी समजलो. मला त्याचं कौतुकच वाटलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशीचा रविवार. सकाळचे नऊ वाजले असतील, दारातून चांगलं ऊन आत आलं होतं आणि वरचे चारही दिवे मी लावले होते. मोठ्या स्पर्धेतले नेमबाज एक डोळा मिटत नाहीत. मिटला की चेहरा आखडतो. त्याऐवजी चष्म्याला त्या बाजूनं पुठ्ठ्याची पट्टी लावतात. मी रात्री बसून सहा चष्म्यांना पट्ट्या लावल्या होत्या. बाकी पाच पोरं उजव्या डोळ्यानं नेम धरणारी, म्हणून पट्ट्या डाव्या काचेवर. आणि हाताला सवय लागली म्हणून सहाव्या चष्म्यालाही पट्टी डाव्याच काचेवर लागली. कस्तुरीच्या.

पोरं टेबलाशी उभी राहिल्यावर त्यांच्या साध्या चष्म्यांच्या जागी मी ते वाटले. पोरांनी घातले. कस्तुरी तिच्या टेबलाशी उभी राहिली, बंदुकीला अजून हात लावलेला नव्हता.

"भरा," मी म्हटलं.

पाच पोरांनी छर्रे भरले. कस्तुरी तशीच उभी होती. तिनं डोकं थोडं वर केलं, इकडं तिकडं फिरवलं.

"उस्ताद," ती म्हणाली, "लाईट गेली काय?"

पोरं हसायला लागली. मी वर बघितलं. चारही दिवे चालू होते. दारातलं ऊन तिच्या पायापर्यंत आलेलं होतं.

"थांब," मी ओरडलो.

छर्रे काढून टेबलावर बंदुका ठेवल्याचे आवाज झाले. एक रिकामी, दोन रिकामी, तीन रिकामी. चौथ्या टेबलावरून आवाज आला नाही. चौथं टेबल तिचं. ती टेबलाची कड चाचपत होती. मी पुढं गेलो, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, आणि तिच्यासमोर वाकलो. तेव्हा मला ती पट्टी दिसली.

"कस्तुरी, माझी किती बोटं?"

"कुठायत?"

"तुझ्या तोंडासमोर."

तिनं जरा वेळ बघितलं. "काहीतरी हलतंय तेवढं दिसतंय. धुकं पडल्यासारखं."

मी तिचा चष्मा काढला. तिनं लगेच डोळे मिचकावले आणि म्हणाली, "तीन. आता तीन दिसली."

"हा डोळा झाकल्यावर कधीपासून असं दिसतंय?"

"काय की," ती म्हणाली. "झाकून कोण बघतंय?"

मी तिला तसाच दूध संस्थेत घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी, सुरेखा आणि कस्तुरी मिरजेला गेलो. बाप टँकर घेऊन वाशीत होता, त्याला फोन लावला होता. डोळ्यांच्या डॉक्टरबाई वयस्कर होत्या, बोलायला शांत. त्यांनी पोरीला यंत्रापुढं बसवलं, थेंब घातले, परत बसवलं. मग तिला नर्सबरोबर बाहेर पाठवून आम्हा दोघांना समोर घेतलं.

"तिचे सांधे सुजतात का? सकाळी उठल्यावर गुडघे आखडतात का?" त्यांनी सुरेखाला विचारलं.

"आखडतात. वाढीचं वय हाय म्हणून आम्ही तेल लावायचो."

"त्याच दुखण्यातून हे झालंय. डोळ्याच्या आत सूज आली. यात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, वरून काहीच दिसत नाही. आणि दुसरा डोळा सगळं काम भागवतो, म्हणून मुलांनाही कळत नाही. सूज राहिली, आतला दाब वाढत गेला, आणि नस सुकली."

"औषधानं येईल न्हवं नजर?" सुरेखानं विचारलं.

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "उजव्याची नाही येणार. दाब उतरवायला एक लहान ऑपरेशन करू, नाहीतर पुढं डोळा दुखायला लागेल. डाव्यातही सूज सुरू झालीय, पण ती अगदी सुरुवातीला आहे. तो आपण वाचवू शकतो. वेळेवर आलात म्हणून. कुणाच्या लक्षात आलं हे?"

"ह्यांच्या," सुरेखा म्हणाली.

"चांगलं केलंत," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. "साधारण कधी सुरू झालं असेल याचा अंदाज आहे का? माझ्या हिशोबानं सहा-आठ महिने तरी झालेत. मे-जूनमध्ये कळलं असतं तर नुसत्या थेंबांवर भागलं असतं."

सुरेखा म्हणाली, "आम्हाला कालच कळलं, डॉक्टर."

मला महिना माहीत होता, तारीख माहीत होती. तरी मी वहीचं नाव काढलं नाही.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. बाप येऊन पोहोचला आणि औषधं आणायला खाली गेला. सुरेखा बाहेरच्या बाकावर बसली होती, मांडीवर पोरीचं स्वेटर. मी तिच्याशेजारी बसलो.

ती म्हणाली, "मेजर, तुमचं उपकार कसं फेडायचं? तुम्ही नसता तर डावाबी गेला असता."

यापुढं मला ऐकवेना.

"वहिनी, उपकार म्हणू नका. मला मे महिन्यात कळायला पाहिजे होतं. मी शिबिरात पोरांचा नेमाचा डोळा तपासतो. हिचा पहिल्या वर्षी उजवा होता. यंदा डावा आला. माणसाचा नेमाचा डोळा बदलत नाही. बदलला, म्हणजे पहिल्या डोळ्याला काहीतरी झालंय. एवढं साधं आहे. मी मागची नोंद खोडली आणि मीच चुकलो होतो असं म्हटलं. पोरगी सांगत होती, उजवा होता म्हणून. मी तिला हसण्यावारी नेलं."

सुरेखा माझ्याकडं बघत राहिली. तिला समजायला वेळ लागला, की तिला समजून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग ती बोलली, स्वेटरकडं बघत.

"मला म्हणाली होती ती. श्रावणात. आई, उजव्या डोळ्यानं पुसट दिसतंय म्हणाली. मी भाकऱ्या थापत होते. मी म्हटलं, तुझ्या उस्तादांनी सांगितलंय नव्हं, तुझा खरा डोळा डावा. दुसरा नुसता जोडीला. मग त्याचं काय एवढं घेऊन बसलीस." ती थांबली. "परत कधी बोललीच न्हाई ती."

मी बाकाची कड धरून बसलो होतो. श्रावण म्हणजे ऑगस्ट. त्या वेळी सुद्धा काहीतरी हाताला लागलं असतं. पोरीनं दोनदा सांगितलं होतं, एकदा मला आणि एकदा आईला, आणि दोन्ही वेळा तिला मीच गप्प केलं होतं. दुसऱ्या वेळी तर मी त्या घरात नव्हतोही.

"वहिनी," मी म्हटलं.

"हिच्या बापाला सांगू नका," ती म्हणाली. "तो तुम्हालाबी बोलंल आणि मलाबी. मला आता ऐकून घ्यायची ताकद न्हाई." मग डोळे पुसून उठली. "चला. ती जागी झाली असंल."

कस्तुरी खाटेवर उशीला टेकून बसली होती. उजव्या डोळ्यावर जाड पट्टी. मला बघून तिनं पाय जवळ घेतले आणि मला बसायला जागा केली.

"उस्ताद, स्पर्धा कालच होती नव्हं?"

"होती."

"कोण आलं पहिलं?"

"माहीत नाही. विचारतो."

"आई कालपासनं नुसती रडतीय," ती म्हणाली. "मी सांगितलं तिला. डॉक्टरबाई म्हणाल्या उजवा गेला, तर गेला. डावा ऱ्हातोय नव्हं? नेम तर मी डाव्यानंच धरते." तिनं माझ्या बाहीला धरून हलवलं. "तुम्ही सांगा की तिला. तुमचं ऐकती ती."

सुरेखा खाटेच्या पायथ्याशी उभी होती, पदर तोंडाशी धरून. मी काय बोलतो याची ती वाट बघत होती, आणि पोरगीही.

"वहिनी," मी म्हटलं, "कस्तुरी बरोबर बोलतीय."

पोरीनं आईकडं बघितलं, ऐकलंस ना, अशा अर्थानं. मग ती माझ्या खांद्याला टेकून बसली, आणि औषधं घेऊन तिचा बाप वर येईपर्यंत मी तिथून हललो नाही.